डोहातून काढलेला माथा

खडपवाडीत बायजाशी वाद घालण्याच्या फंदात शहाणी माणसं पडत नसत. ती भांडखोर होती अशातला भाग नाही. आवाज चढवणं तिला जमतच नसे. पण एखादी गोष्ट मनात बसली की हातातलं काम न सोडता, मान वर न करता ती तेच ते शांतपणे बोलत राही, आणि समोरचा शेवटी थकून ‘बरं बाय, तुजंच खरं’ म्हणून उठून जाई. नवरा श्रीपत लग्नाच्या पहिल्याच वर्षी असा उठून गेला. घरातून नव्हे, वादातून. पुढे रसायनीला कारखाने उभे राहिले, त्यातल्या एकात त्याला काम लागलं, मोहोपाड्याला चौघांत एक खोली घेऊन तो राहू लागला आणि शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटे परत, असा त्याचा संसार ठरून गेला. घर, दोन मुली, सासू पुतळाबाई आणि नदीकाठचा भाताचा तुकडा हे सगळं बायजाच्या अंगावर आलं. तिनं पदर खोचला आणि ते निभावून नेलं.

कर्जतहून डोंगराकडे तोंड करून चालत राहिलं की शेवटी खडपवाडी लागे. गावामागे डोंगराची भिंत, आणि भिंतीच्या अर्ध्यावर झाडीत लपलेलं एक लेणं. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीचं भाग्य त्याला लाभलेलं नव्हतं. गुराखी उन्हाचे तिथे गुरं बसवत, पावसात स्वतः बसत आणि चुली पेटवून छत काळं करत. पांडवांनी एका रात्रीत कोरलं आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट टाकलं, एवढा इतिहास गावाला पुरेसा होता. आपल्याकडे डोंगरात कुठेही चार भोकं दिसली की ती पांडवांच्या नावावर जमा होतात. बिचाऱ्यांना वनवासात दुसरा उद्योगच नव्हता जणू.

गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला महारवाडा. वाड्याच्या तोंडाशी चिंचेखाली मरीआई. भलामोठा दगड होता तो. खाली पायऱ्यापायऱ्यांची रुंद बैठक, ती वर निमुळती होत गेलेली, त्यावर चौकोनी धड आणि धडावर ठेंगणं डोकं. शेंदराची पुटं इतकी जाड की दगड कुठे संपतो आणि देवी कुठे सुरू होते ते कळत नसे. पितळेचे दोन डोळे त्या शेंदरात बसवलेले होते. तिची पुजारीण पुतळाबाई. सून घरात आली तेव्हा म्हातारीनं तिला सगळ्यात आधी शिकवलं ते शेंदूर लावायचं काम. तेलात कालवलेला शेंदूर बोटानं फासायचा नाही, तळव्यानं थापायचा, आणि बैठकीच्या प्रत्येक पायरीच्या खाचेत अंगठा फिरवायचा. मंगळवार-शुक्रवार बायजा ते करी. तिच्या तळव्यांना तो दगड स्वतःच्या लेकीच्या पाठीइतका ओळखीचा झाला होता.

छप्पन्न साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. ती लाट खडपवाडीत पुढच्या उन्हाळ्यात पोचली, आणि ती आणली बायजाच्या धाकट्या दिरानं. सहदेव कर्जतच्या रेल्वेत कामाला होता. सभांना जाई, मिळेल ते वाचून काढी, आणि बोलला की एक घाव दोन तुकडे. मेलेली ढोरं ओढणं बंद, गावकीची फुकटची कामं बंद, आणि देव बंद, असं त्यानं चिंचेखाली उभं राहून सांगितलं. घराघरातले देवांचे टाक टोपलीत घालून लोकांनी नदीच्या डोहात सोडले. मरीआई टोपलीत मावणारी नव्हती. गड्यांनी तिला दोर आवळले, वाशांवर उचलून नदीवर नेली आणि कातळावरून ढकलून दिली. डोहानं मोठा आवाज केला आणि वाड्यातली पोरं नाचली.

खरं सांगायचं तर बायजालाही त्या दिवशी हलकं वाटलं. त्या दगडाच्या नावानं वाड्यानं किती कोंबडी कापली, किती कर्ज काढलं आणि गावाची किती बोलणी खाल्ली, ते तिनं पाहिलं होतं. पुतळाबाई मात्र दारात बसून राहिली. ‘पटकीच्या साथीत जिनं तुला राखला तिला बुडवलास,’ एवढं ती सहदेवाला म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. सहदेवाचं घर भिंतीला भिंत लागून. तो रोज संध्याकाळी येऊन ‘आये, बरी हायेस का?’ विचारी, आणि म्हातारी तोंड फिरवून ‘बायजा, त्याला सांग, मी बरी हाय,’ म्हणे. पुढे तिची दृष्टी गेली, तरी त्याची चाहूल लागली की तोंड बरोबर दुसऱ्या बाजूला फिरे.

लेणं बुद्धाचं आहे हे सहदेवाला कर्जतच्या सभेत कळलं. मग काय विचारता! त्यानं पोरांना घेऊन लेण्यातलं शेण उपसलं, गुराख्यांशी भांडण काढलं, आणि दर बुद्धपौर्णिमेला वाडा वर जाऊन वंदना म्हणू लागला. बायजाही जाई. पांडवांचं लेणं आता तिचं स्वतःचं झालं होतं, आणि जे तिचं झालं त्याची ती नीट काळजी घेई. पावसाळा सरला की एकटी वर जाऊन आतला गाळ काढी.

उन्हाळ्यात करवंदं-जांभळं आणि पावसात रानभाज्या घेऊन ती डोंगराच्या कडेकडेनं भिवपुरीच्या वीजघराच्या कॉलनीत विकायला जाई. तिथे वसईकडचे एक पास्कल मिस्त्री राहत. एकदा त्यांच्या बायकोला करवंदं मोजून देताना बायजाचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं आणि हातातला पेला तसाच राहिला.

‘बाय, आमच्या लेन्याचा फोटू तुमच्याकं कसा आला?’

मिस्त्री आतून हसत बाहेर आले. ‘अगं, ते देऊळ आहे. ख्रिस्ताचं.’ वसईकडची माणसं चर्चला देऊळच म्हणतात. ‘सातासमुद्रापलीकडं. सातआठशे वर्षं झाली बांधून. आज्यानं पाया घातला आणि पणतवानं छप्पर चढवलं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं म्हणे काम.’

बायजा चित्रापुढून हलेना. मधे लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांमागून जायला अरुंद वाट, छताला फासळ्या आणि शेवटी गोल भिंत. तिनं बोटानं सगळं दाखवलं. ‘ह्यो खांब हाय. ही मागली वाट हाय. ह्या फासळ्या हायेत. आन् हितं शेवटाला आमचा स्तूप.’

‘तिथे आमची वेदी,’ मिस्त्री म्हणाले. त्यांनी तिला टोकदार कमानी दाखवल्या. छताचा भार भिंतींना पेलवत नाही म्हणून बाहेरून दगडी टेकू दिलेत, त्यामुळे भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या काढता आल्या, आणि त्यांना रंगीत काचा बसवल्या, म्हणजे आत येणारा उजेडही रंगीत होतो, असं समजावून सांगितलं.

‘काचा नायत आमच्यात,’ बायजा म्हणाली. ‘बाकी ह्येच हाय. या बगाया.’

पुढच्या रविवारी मिस्त्री खरोखरच आले. पाहुणा लेणं बघायला येतोय म्हटल्यावर सहदेवाला कोण आनंद! तो इस्त्रीचा सदरा घालून पुढे, मागे मिस्त्री आणि त्यांच्यामागे पाण्याची कळशी घेऊन बायजा. लेण्याच्या तोंडाशी पोचल्यावर मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. पिंपळपानाच्या आकाराची मोठी कमान, तिच्यातून उन्हाचा पट्टा आत शिरून थेट शेवटच्या स्तूपावर पडलेला. बाकी दालन अंधारात.

मिस्त्री चपला काढून आत शिरले. मग खांबांना हात लावत फिरू लागले. अठपैलू खांब, थोडे आतल्या बाजूला कललेले. छत उलट्या होडीच्या पोटासारखं, आणि त्यात दगडाच्याच कोरलेल्या फासळ्या.

‘गंमत बघा,’ ते सहदेवाला म्हणाले. ‘लाकडाच्या इमारतीत खांब कलते ठेवतात, छपराचा रेटा पेलायला. इथे अख्खा डोंगर आहे, कलवायची काही गरज नाही. फासळ्यांचीही नाही. पण ज्यांनी हे कोरलं त्यांनी लाकडाची देवळं बघितलेली. ती त्यांनी दगडात जशीच्या तशी उतरवली. आणि आमचे लोक खालून वर रचत गेले, हे वरून खाली कोरत आले. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. रचताना दगड चुकला तर दुसरा आणता येतो. इथे चुकला की चुकलाच.’

सहदेवानं मग त्याला ठाऊक होतं ते सांगितलं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात माल उतरे, तो बैलांच्या पाठीवर याच वाटांनी घाट चढून वर देशावर जाई. व्यापारी दान देत, त्यातून लेणी होत, आणि पावसाचे चार महिने भिक्खू तिथे राहत.

‘सोपारा? म्हणजे आमच्या शेजारचं!’ मिस्त्री म्हणाले, आणि दोघे जुने सोयरे भेटावेत तसे हसले.

स्तूपाशी आल्यावर मिस्त्री कातळाच्या कडेवर चढले आणि स्तूपाच्या वर डोकावले. ‘वर खाच आहे. चांगली चौकोनी. ह्यात काहीतरी बसवलेलं होतं.’ मग बाजूच्या भिंतीवर कोरलेले लहान लहान स्तूप त्यांनी दाखवले. ‘हे बघा. ह्यांना माथा आहे. चौकोनी पेटी, आणि तिच्यावर पायऱ्या, वर रुंद होत गेलेल्या. मोठ्याचा माथा तेवढा गेला. कुठे गेला असेल?’

बायजानं कळशी खाली ठेवली. भिंतीजवळ गेली, कोरलेल्या माथ्यावरून अंगठा फिरवला. मग तिनं मान वाकडी केली, अजून वाकडी केली, शेवटी कमरेत वाकून डोकं पार खाली घेतलं आणि तो माथा उलटा करून पाहिला. सहदेवाला वाटलं, वहिनीला चक्कर आली.

ती सरळ झाली. ‘भावजी,’ ती म्हणाली, ‘ही आपली मरीआई हाय. उलटी हुबी केली व्हती आपन तिला. डोस्कं म्हनून जे पुजलं ती ह्या खाचंत बसायची कूस, दगडाची खुंटी.’

सहदेवाचा चेहरा पाहुण्यादेखत काळवंडला. त्यानं भिंत पाहिली, खाच पाहिली. पटलं होतं त्याला. तेच तर दुखणं होतं. वाड्यानं धम्माच्या नावानं जो दगड बुडवला तो धम्माचाच होता, आणि बुडवणाऱ्यांत पहिला हात त्याचा. पण तो रागानं म्हणाला ते वेगळंच. ‘वैनी, ते नाव हितं काडायचं नाय.’

मिस्त्री गेल्यावर वाटेत तो मोकळा बोलला. ‘बुडाला ना, बुडालेला बरा. त्यो दगूड वर आला तर त्याच्यामागनं सगळं वर येईल. पोतराज येईल, रेडा येईल, कोंबडं येईल. आपल्या बाया अजून पोराला ताप आला की चिंचंकडं बगत्यात. मला दिसत नाय व्हय?’

‘दिसतं की,’ बायजा म्हणाली. ‘पर माथा हाय भावजी त्यो. लेनं बोडकं ऱ्हायलंय.’

‘ऱ्हाऊं द्या.’

‘कसं ऱ्हाऊं द्यायचं? आपनच बुडवलाय.’

वाड्याची बैठक बसली आणि ठराव झाला. त्या दगडाला जो हात लावील त्याच्या घरच्या लग्नाला आणि मयताला कुणी जाणार नाही. बायजाची थोरली दोनचार वर्षांत लग्नाला येणार होती. श्रीपतला शनिवारी सगळं कळलं. जेवून हात धुतल्यावर तो म्हणाला, ‘तुजंच खरं. पर माजं नाव मधी घिऊ नको.’ बायजानं त्याचं नाव मधे घेतलं नाही. तसंही ते घेऊन फारसा उपयोग झाला नसता.

ती घाबरली नव्हती असं नाही. लेकीच्या मांडवात चार माणसं नसतील, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे येई. पण दर वर्षी गाळ काढायला ती लेण्यात जाई आणि वर तो बोडका गोल पाही, की तळवे आपोआप त्या पायऱ्या चाचपू लागत. इतकी वर्षं जो आपल्या हाताखाली होता तो पाण्यात पडून आहे, आणि जागा त्याची वाट बघतेय, हे तिला सहन होईना. ती दर उन्हाळ्यात डोह निरखी आणि पाणी फार आहे म्हणून परत फिरे.

मग ते पावसानं दगा दिलेलं साल आलं. पुढच्या उन्हाळ्यात नदी डोहाडोहांत तुटली आणि हा डोहही कधी नव्हे इतका उतरला. बायजा कातकरवाडीत पोशाकडे गेली. डोहातले मासे पोशाच्या घरचेच असल्यासारखे त्याला ओळखत.

‘नाय गं बाय,’ पोशा म्हणाला. ‘बुडवलेली देवी वर काडली तर काडनाऱ्याला आदी खाते.’

‘देवी नाय त्यी.’

‘तुला नाय. तिला ठावं हाय का?’

बायजानं पुढे वाद घातला नाही. तिनं दोर उचलला, कमरेला बांधला, दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि कातळावरून पाण्यात उतरू लागली. तिला पोहता येत नव्हतं हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं. पाणी गळ्याशी आलं तरी थांबेना, तेव्हा पोशानं कपाळाला हात लावला, तिला ओढून बाहेर काढली आणि शिव्या देत स्वतः उडी मारली.

दोनतीनदा वर येऊन तो श्वास घेऊन गेला. मग डोकं बाहेर काढून ओरडला, ‘सापडली! पर उलटी पडलीय गं! डोस्कं खाली रुतलंय!’

‘उलटी नाय रं पोशा,’ बायजा काठावरून म्हणाली, ‘आता सुलटी झालीय!’ आणि कित्येक वर्षांत हसली नव्हती तशी हसली.

दगड सापडला, पण काढायचा कसा? पास्कल मिस्त्रींनी ओळखीच्या ठेकेदाराकडून चेनपुली मागून आणली आणि काठावर तीन जाड वासे एकत्र बांधून उभे केले. ओढायला माणसं हवी होती. बायजा वाड्यात घरोघर गेली, पण गड्यांकडे नव्हे. ‘ठराव गड्यांनी केला,’ ती बायांना म्हणाली. ‘आपल्याला कुनी इचारलं व्हतं?’ बायांनी एकमेकींकडे पाहिलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मग त्या निघाल्या, कुणी कासोटा घालून, कुणी पोर काखेत घेऊन.

पोशानं पाण्यात दोर आवळले, मिस्त्रींनी पुलीची साखळी ओढली, बायांनी दोर धरले आणि दगड हलला. चिखल गाळत तो वर आला आणि काठावर टेकला तेव्हा शेंदूर तसाच होता. पितळेचा एक डोळाही जागेवर होता. एवढ्या वर्षांनी तो डोळा वर पाहतोय म्हटल्यावर एका बाईचे हात न कळत जोडले गेले. आणि नेमका तेव्हाच सहदेव येऊन ठेपला.

‘बगितलंत?’ तो म्हणाला. ‘बगितलंत ना वैनी? ह्येच मी सांगत व्हतो.’

हात जोडणारीनं ते पदराखाली घेतले. बायजाला तिचा राग आला नाही, दिराचाही आला नाही. दोघांचंही तिला कळत होतं.

‘काय केलं म्हंजी चालंल, ते सांगा,’ ती म्हणाली.

सहदेवानं दगडाभोवती एक फेरी घातली. ‘शेंदराचा एक कन लेन्यात जाता कामा नये,’ तो म्हणाला. ‘मी येऊन बगीन. कन दिसला तर ह्याच हातानं परत बुडवीन. नाय दिसला तर ठराव मी मोडीन.’

त्या दिवसापासून बायजा रोज नदीवर बसू लागली. वरची पुटं विळ्याच्या टोकानं निघाली. शेंदराची खोळ तुकड्यातुकड्यांनी सुटली आणि चेहरा गळून पडला. ते तुकडे तिनं वाहत्या पाण्यात सोडले. खालचा थर मात्र दगडात मुरला होता. त्याला रॉकेल लावलं, विटेचा चुरा लावला, भाताच्या तुसाची राख लावली. बाया मदतीला आल्या, त्यांना तिनं परत पाठवलं. काही राहिलं तर बोल आपल्यालाच लागावा, असं तिच्या मनात होतं. नखं झिजली, तळव्याची सालं निघाली. शेंदराखालून हळूहळू कोरीव कठडा वर आला, उभ्या-आडव्या दगडी पट्ट्या, जणू लाकडाचंच कुंपण. ज्या हातांनी तो थापून थापून झाकला होता तेच हात तो आता उघडा करत होते, आणि कधीकधी काम करता करता बायजाला रडू येई.

एकच गोष्ट तिनं टाळली होती. पुतळाबाईला सांगितलं नव्हतं. म्हातारी दारात बसून तो घासण्याचा आवाज ऐके. एकदा तिनं विचारलं, ‘काय घासतीस गं एवडं?’ बायजा म्हणाली, ‘दगूड घासते आत्या.’ ते खोटं नव्हतं. म्हातारीनं पुढे काही विचारलं नाही, आणि त्यामुळेच बायजाला जास्त लागलं.

सहदेव आला. त्यानं दगडाची प्रत्येक पायरी पाहिली. खाचांतून काडी फिरवली आणि ती पांढऱ्या रुमालाला पुसली. दोनदा त्यानं तिला परत घासायला लावलं, आणि दोन्ही वेळा त्याचं बरोबर होतं. तिसऱ्या वेळी रुमाल पांढरा राहिला. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला आणि वाड्याकडे तोंड करून हाक मारली, ‘पोरांनू, दोर घ्या रं!’

ओंडक्यांवर सरकवत, चेनपुलीनं टप्प्याटप्प्यानं ओढत, सगळा वाडा तो दगड डोंगरावर घेऊन गेला. श्रीपतही रजा काढून आला आणि सगळ्यात मागे राहून सगळ्यात मोठ्यानं ओरडला. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी दगड स्तूपाच्या पायथ्याशी आडवा पडला होता, वर वासे बांधून झाले होते, पुली लटकत होती.

पुतळाबाईला वर आणायचं कुणाच्या मनात नव्हतं. बायजाच्या होतं. आदल्या रात्री तिला झोप लागली नव्हती. म्हातारीला न कळवता तिची देवी कायमची दुसरीकडे बसवायची, एवढा निबरपणा तिच्यात नव्हता. आणि सांगितलं तर म्हातारी सगळ्यांपुढे काय बोलेल याचा नेम नव्हता. पोशा आणि त्याच्या भावानं घोंगडीची डोली करून म्हातारीला आणली. सहदेवानं ती कमानीतून आत येताना पाहिली आणि वंदनेला जमलेली माणसं बाजूला सरली.

बायजानं सासूचा हात धरून तो दगडावर ठेवला. काही सांगितलं नाही.

म्हातारीची बोटं पायऱ्यांवरून फिरली. एका खाचेत अंगठा शिरला आणि थांबला. मग ती पुढे गेली, कठड्यावरून, कुशीवर, जिथे डोळे होते तिथे. तिथे नुसता खरखरीत दगड.

‘कातडं काडलंस गं तिचं,’ पुतळाबाई म्हणाली.

‘व्हय आत्या,’ बायजा म्हणाली. ‘मीच काडलं.’

सहदेव पुढे झाला. ‘आये,’ तो म्हणाला. ‘आये, ही मरीआई नव्हं. ही ह्या लेन्याची हाय. आमाला म्हाईत नव्हतं.’

म्हातारीनं तोंड फिरवलं. पण या वेळी ते त्याच्याकडे फिरवलं.

‘मला शिकवू नको,’ ती म्हणाली. ‘तू बुडवलीस ती हीच, आन् माज्या सुनंनं काडली ती बी हीच. नाव तुमचं तुमी ठिवा.’ मग हात दगडावरून न काढता तिनं विचारलं, ‘कुटं बसवताव?’

‘वर. स्तूपाच्या बी वर. समद्यांच्या वर.’

‘मंग हुबा काय ऱ्हायलास, मुडद्या? हात लाव की.’

इतक्या वर्षांत आईनं त्याला दिलेली ती पहिली शिवी होती. सहदेवानं साखळी दोन्ही हातांनी धरली. दगड जमिनीवरून सुटला, हळूहळू फिरला आणि कूस खाली करून वर चढू लागला. मिस्त्री कातळाच्या कडेवरून खुणा करत होते. सहदेवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं, कारण हात मोकळे नव्हते. समोरचं त्याला काही दिसत नसावं. माथा खाचेच्या वर येऊन अधांतरी झुलत राहिला.

‘भावजी,’ बायजा खालून नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, ‘जरा डावीकडं.’

सहदेवानं साखळी जरा डावीकडे घेतली, आणि माथा बसला.